हतनूरला पूर्ण चक्कर होत नाही, पण तीन दिवस मस्त जातात

तुमचा प्रश्न मला असा समजला: डिसेंबरच्या शेवटी तुम्ही आणि तुमचा मित्र पुण्याहून सायकली घेऊन रेल्वेने भुसावळला उतरणार, हतनूर धरणाच्या पाण्याला लागून पूर्ण गोल फेरी मारायची, तिथूनच सातपुड्यात पाल या गावाला चढायचं, रोज शंभरेक किलोमीटर आणि रात्री पाण्याकाठी तंबू. आणि विचारताय की गोल कुठल्या बाजूने फिरलेलं बरं.

बाजूचा प्रश्नच येत नाही भाऊ, कारण गोल रस्ताच नाहीये. नकाशात निळं पाणी आणि त्याच्या भोवती बारीक बारीक रेषा दिसतात त्यामुळे सगळ्यांना वाटतं की जोडत जोडत जाऊ. पण हतनूर म्हणजे डोंगरात अडवलेलं खोल पाणी नाही, सपाट मुलखात तापी आणि पूर्णा जिथे मिळतात तिथे पसरलेलं पाणी आहे, त्याचे दोन लांब हात आहेत, एक तापीवर मागे गेलेला आणि एक पूर्णेवर. काठ कुठला हे महिन्यावर ठरतं. पावसाळा संपला की पाणी पार शेताच्या बांधाशी असतं आणि फेब्रुवारी-मार्चला तेच इतकं मागे सरकतं की ऑक्टोबरमध्ये पाण्याकाठी असलेली वाट एका मोठ्या गाळाच्या मैदानाच्या कडेला येते. इकडचे रस्ते माशाच्या काट्यासारखे आहेत, मधे एक मोठा रस्ता आणि त्यातून फुटून नदीकाठच्या गावापर्यंत जाणारे फाटे, गाव आलं की रस्ता संपला. त्या गावातून शेजारच्या गावाला काठाकाठाने जायचं म्हटलं तर मधे नाला, केळीची बाग, नाहीतर तापीकाठच्या मातीत पडलेल्या घळी. माणूस पायी जातो, मोटारसायकलवाला उन्हाळ्यात जातो, सामान लादलेली सायकल जात नाही. नदी ओलांडायला पूलही मोजकेच आहेत आणि धरणाच्या भिंतीवरून पलीकडे जाऊ असं तर धरूच नका, तिथे बंदोबस्त असतो, आधी विचारल्याशिवाय त्यावर प्लॅन बांधायचा नाही.

म्हणून मी ज्यांना ज्यांना इकडे फिरवतो त्यांना एकच सांगतो, पाण्याला वेढा घालायचा नाही, पाण्याला भेटी द्यायच्या. एक दिवस दक्षिण काठ, मग एक दिवस सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी म्हणजे सुकी धरण आणि पाल, आणि तिसऱ्या दिवशी निवांत परत. ही दोन पाणी एकदम वेगळी आहेत, एक उघडं आणि सपाट, दुसरं जंगलातलं.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी सांगतो म्हणजे नंतर बोल नको. पहिलं म्हणजे महिना. डिसेंबर निवडलात ते चांगलं, ऑक्टोबर सरता सरता ते फेब्रुवारी हाच आमच्याकडचा सायकलचा सीझन, सकाळी हात गारठतात, दुपारी हाफ शर्टात बरं वाटतं. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा अकरानंतर रस्त्यावर राहणं म्हणजे मूर्खपणा, त्या महिन्यांत टूर वगैरे विसरा. पावसाळ्यात सातपुडा बघण्यासारखा असतो, सुकीचा सांडवा वाहत असतो, पण हतनूरच्या बाजूला काळी माती असते आणि तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. दुसरं म्हणजे तुमचे टायर, ते तुम्ही लिहिलंच नाहीये. २५-२८ मिलिमीटरचे बारीक रोड टायर असतील तर फाट्यांवर आत जायचा विषय सोडा, ३५ च्या पुढे असतील तर मी खाली सांगतो ते सगळं जमेल. आणि तिसरं म्हणजे त्या वर्षीचा पाऊस, पाणी किती भरलंय त्यावर पक्षी कुठे बसतील ते ठरतं.

पहिल्या दिवसाचं. रेल्वे पहाटे पोचणारी असेल तरी लगेच निघू नका, पार्सल ऑफिसातून सायकली सोडवायला वेळ लागतो, मग हँडल सरळ करा, पेडल लावा, हवा भरा, यात सकाळ जाते. एक रात्र भुसावळला लॉजवर काढा आणि दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच निघा. महत्त्वाचं म्हणजे पॅनिअर, म्हणजे सायकलला लटकवायच्या सामानाच्या पिशव्या, खोलीवरच ठेवा. हतनूरचा दिवस परत भुसावळलाच संपवायचा, मग ओझं कशाला न्यायचं, फक्त पाणी, ट्यूब, पंप आणि दुर्बीण. हलकी सायकल असली की फाट्यावर आत घुसायला मन कचरत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा, लादलेल्या सायकलवाला प्रत्येक कच्च्या वाटेवर 'जाऊ दे' म्हणतो.

भुसावळहून वरणगाव साधारण १५ किलोमीटर आणि हा तुकडा काही सुंदर वगैरे नाही. चौपदरी हायवे, मधे दीपनगरचं औष्णिक केंद्र, राखेचे टँकर आणि सगळीकडची मोठी वाहनं. जिथे सर्व्हिस रोड आहे तिथे तो धरा, मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, आणि हा भाग उजाडायच्या सुमारास उरकून टाका. वरणगावहून आत वळलात की चित्र बदलतं. सात-साडेसातला पाण्यावर पोचायला हवं, कारण त्यानंतर कोवळं ऊन जातं आणि पाण्यावरून लखलखाट येतो, मग दुर्बिणीतून बदक काळं की तपकिरी तेही कळत नाही.

हिवाळ्यात इथे काय असतं ते सांगायला बसलो तर उत्तर संपणार नाही. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, वारकरी पक्षी तर असतातच, पट्टकदंब हंसांचे थवे नशिबाने मिळतात आणि ते पाण्यापेक्षा हरभऱ्या-गव्हाच्या शेतात चरताना जास्त जवळून दिसतात. सायकलवाल्याला एक गोष्ट फार उपयोगी पडते. चालत्या सायकलीला पक्षी फारसे घाबरत नाहीत, थांबणाऱ्या सायकलीला घाबरतात. बदकं समोर दिसली की ब्रेक दाबायचा मोह होतो आणि तिथेच थवा उठतो. त्यापेक्षा त्याच चालीने पुढे निघून जायचं, बांधाआड किंवा बाभळीआड थांबायचं आणि पायी मागे यायचं. वरणगावच्या बाजूला पक्षी बघणारी मंडळी आहेत, सकाळी दुर्बीण गळ्यात घातलेला कोणी भेटला तर बिनधास्त विचारा, पाणी सध्या कुठे आहे ते त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

चिखलाचं मात्र मनावर घ्या. पाणी मागे सरकतं तिथे वरून कोरडी, तडे गेलेली माती दिसते, चालून बघितलं तर टणक वाटते, आणि दहा पावलं पुढे सायकलचं चाक खपली फोडून आत जातं. हा गाळ टायरला चिकटतो, त्यावर वाळलेलं गवत चिकटतं, मग मडगार्डखाली जाऊन सगळं घट्ट बसतं आणि चाक फिरायचंच थांबतं. ओढत नेऊ नका, पेंट जातो आणि साखळीत माती जाते ती वेगळी. सायकल उचलून कडेला आणायची, तुरीची एखादी जाडसर काडी शोधायची आणि मडगार्ड आणि टायरच्या मधून माती खरवडून काढायची, पाण्याने धुवायला गेलात तर ती आणखी चिकट होते. माझ्या मते या टूरला मडगार्ड काढून ठेवलेलेच बरे, डिसेंबरात पाऊस नसतो.

दुसरा शत्रू सराटा. जलाशयाच्या काठी, बांधावर, गाव संपतं तिथल्या मोकळ्या जागेत हे जमिनीला चिकटून पसरलेलं असतं, पिवळं छोटं फूल, आणि वाळलं की काटे असे पडतात की एक टोक कायम वर. बाभळीचा काटा एकच मोठं भोक पाडतो आणि लगेच कळतं. सराट्याचं तसं नाही, तो टायरमध्ये रुतून बसतो आणि हवा अर्ध्या तासाने जाते, तुम्ही ट्यूब बदलता, पुढच्या दोन किलोमीटरवर परत तेच. कारण काटा टायरातच राहिलेला असतो. ट्यूब बदलताना टायरच्या आतून पूर्ण गोल बोट फिरवायचं, पण उघडं बोट नाही, रुमाल गुंडाळून, रुमालाचा धागा जिथे अडकेल तिथे काटा. बाहेरून चिमट्याने ओढायचा. प्रत्येकी दोन ट्यूब, पॅच वेगळे, आणि शक्य असेल तर ट्यूबमध्ये सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) भरूनच या. आणि सायकल गवतावर आडवी टाकायची सवय असेल तर इकडे मोडा, टेकवायची ती डांबरावर.

हतनूर झालं की परत हायवेला येऊन हरताळ्याचा तलाव. जुना तलाव आहे, श्रावणबाळाची कथा तिथली सांगतात, आणि मोठ्या पाण्यावर गर्दी पांगलेली असली तर कधी कधी इथे जास्त बरं दिसतं. मग फाट्याने आत चांगदेव. तापी-पूर्णेच्या संगमावरचं दगडी देऊळ, पुरातत्त्व खात्याकडे आहे, देवळामागे गेलात की दोन नद्यांचं पाणी एकत्र पसरलेलं दिसतं आणि नकाशात जो निळा डाग बघून तुम्ही प्लॅन केला तो इथे खरा कळतो. महाशिवरात्रीच्या सुमाराला मात्र इकडे मुक्ताई-चांगदेवाची यात्रा असते, दिंड्या, गाड्या, त्या दिवसांत सायकलवर शांतपणा शोधायला येऊ नका, यात्रा बघायला या. मुक्ताईनगर, जुनं नाव एदलाबाद, तिथे जेवण करून दुपारी परत फिरा. फाटे धरून दिवसाला ८०-९० किलोमीटर होतात, चढ जवळपास नाही, पण थांबणं इतकं होतं की दिवस पुरत नाही.

जेवणाचं सांगतो कारण यात लोक फसतात. शेवभाजी खा, जरूर खा, पण रात्री. दुपारी ती खाऊन उन्हात सायकल चालवली की तिखट आणि तेल दोन्ही वर येतात आणि पाणी कितीही प्यायलात तरी पुरत नाही. दुपारी साधं वरण-भात, ताक, नाहीतर कळण्याची भाकरी आणि भरीत मिळालं तर ते. डिसेंबरात भरिताचा सीझन असतो, बामणोदची वांगी याच पट्ट्यातली. आणि केळी तर विकत घ्यायचीही वेळ येत नाही, बागेत कटाई चालू असेल आणि तुम्ही दोन मिनिटं थांबलात तर कोणी ना कोणी हातात फणी देतोच. "सायकलवर कुठी निघाले हो भाऊ" हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येईल, उत्तर नीट द्या, घाईत पुढे पळू नका, पुढच्या रस्त्याची खरी माहिती तिथेच मिळते.

दुसरा दिवस, सामान लादून. भुसावळहून तापीचा पूल ओलांडून फैजपूर, वीसेक किलोमीटर, तिथून सावदा पाच-सहा. हा सगळा केळीचा पट्टा, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ती केळी हीच. दिसायला हिरवंगार, पण सायकलला याचे दोन त्रास. एक, रस्त्यावर पडलेली ओली पानं आणि दांड्याचे तुकडे, पहाटेच्या दवात वळणावर चाक सरकतं. दोन, केळीच्या गाड्या, दुपारनंतर भरलेल्या ट्रकांची वर्दळ वाढते आणि रस्त्याला कडेची मोकळी पट्टी अशी नाहीच. म्हणून हा तुकडाही सकाळचाच. फैजपूरला १९३६ चं काँग्रेस अधिवेशन झालं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं, इतिहासाची आवड असेल तर चहाला तिथेच थांबा.

सावद्याहून खिरोद्याकडे वळलात की समोर सातपुडा उभा राहतो आणि वाहतूक कमी होते. इथे जमीनही बदलते, लक्ष देऊन बघा. तापीकाठी खोल गाळाची माती होती, इथे पायथ्याला गोल गोटे आणि भरड वाळू, डोंगरातून नाल्यांनी शेकडो वर्षं आणून टाकलेली. याला बझाडा म्हणतात, पाणी इथून खाली मुरतं आणि पुढच्या विहिरींना मिळतं. डोंगराच्या पायथ्याशी हरिपुरा, मोर, सुकी, मंगरूळ, आभोरा अशी छोटी-मध्यम धरणं ओळीने आहेत. सायकलवाल्यासाठी अर्थ इतकाच की पायथ्याच्या कच्च्या वाटेवर चिखल नाही पण गोटे आहेत, हवा थोडी कमी ठेवा, आणि उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका.

खिरोद्याच्या पुढे जंगल सुरू होतं आणि सुकी धरण लागतं, गारबर्डीचं धरण असंही म्हणतात. तुम्हाला रानातलं पाणी म्हणून जे मनात आहे ते हे. तिन्ही बाजूंनी डोंगर, सागाची झाडं, पाण्यावर वाराही कमी. रस्ता चढतो, भयंकर घाट नाही, पण मागे पंधरा किलो असतील तर सगळ्यात हलका गिअर लागणारच, मागच्या कॅसेटला (मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्यांना) ३२ किंवा ३४ दातांचं चाक असेल तर बसून चढाल नाहीतर उतरून ढकला, त्यात लाज कसली. सावदा ते पाल पंचवीसेक किलोमीटर धरा, पण वेळेच्या हिशेबाने पन्नास धरा.

पाल हे यावल अभयारण्याच्या भागात येतं. साधारण १७७ चौरस किलोमीटर, १९६९ पासूनचं अभयारण्य, बिबट्या, अस्वल, तरस, नीलगाय आहेत. पालपर्यंतचा डांबरी रस्ता दिवसा सगळ्यांचा आहे, पण त्यावरून आत फुटणारी प्रत्येक वाट तुमची नाही. लंगडा आंब्यासारख्या आतल्या ठिकाणी जायचं असेल तर वनविभागाच्या ऑफिसात आधी विचारायचं, परवानगी मिळाली तर त्यांनी सांगितलेल्या वेळेत जायचं. पालला वनविभागाचं विश्रामगृह आहे, बुकिंग आधी करा, आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. हरणांचं पैदास केंद्रही आहे. पाड्यांवर पावरा आणि तडवी आदिवासी राहतात, घराचा, बाईमाणसांचा फोटो न विचारता काढू नका. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतो, तेव्हा येणं झालं तर डिसेंबरपेक्षा वेगळाच सातपुडा बघाल, ढोल आणि माणसांनी रस्ते भरलेले असतात.

आता तंबू. मी नको म्हणतो आणि कारण फक्त जनावरं नाहीत. अभयारण्यात तर कुठेही तंबू टाकता येत नाही, हा विषय तिथे संपतो. पण हतनूरच्या बाजूलाही नको. केळीच्या बागांमध्ये बिबट्या येतो ही यावल-रावेर तालुक्यांत नवीन बातमी नाही. त्याहून मोठं कारण म्हणजे शेतातल्या मोटारी आणि केबलची चोरी. शेतकरी वैतागलेले असतात, रात्री वीज आली की पाणी द्यायला शेतात जातात, आणि त्यांना बांधाजवळ बॅटऱ्या हलताना दिसल्या तर ते आधी आवाज देतील आणि मग दहा लोक बोलावतील. तुमची चूक नाही, त्यांचीही नाही. उशीर झालाच तर जवळच्या गावात जा, पोलीस पाटील किंवा सरपंचाचं घर विचारा, देवळाचा ओटा नाहीतर शाळेचा व्हरांडा मिळतो आणि बहुतेक वेळा जेवणही मिळतं. अंधार पडायच्या आत पोचायचं एवढंच, आणि डिसेंबरात सहालाच अंधारून येतं.

पाण्याचा साठा प्रत्येकी तीन लिटर, खिरोद्यानंतर भरायची जागा कमी आहे आणि धरणाचं पाणी थेट पिऊ नका. मोबाईलला रेंज डोंगरात जाते-येते, नकाशा ऑफलाईन ठेवा आणि घरी सांगून ठेवा की संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही. शेतातली कुत्री मागे लागली तर पळवू नका, उतरा, सायकल मधे धरा आणि चालत राहा, शंभर मीटरवर त्यांची हद्द संपते.

तिसरा दिवस पाल ते रावेर, पंचवीसेक किलोमीटर, बराचसा उतार. लोक इथे जोरात सोडतात आणि वळणावर बैलगाडी नाहीतर शेळ्या समोर येतात, जरा बेताने. रावेरहून दोन पर्याय, पाय शिल्लक असतील तर सावदा-फैजपूर करत भुसावळ, नसतील तर रावेर स्टेशन, मात्र तिथे सायकल बुक होते का आणि गाडी तेवढी थांबते का हे आधीच विचारून ठेवा, भुसावळहून पार्सल करणं कधीही सोपं. बुकिंगला ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स लागते, सायकलवर नाव आणि कुठून-कुठे हे मोठ्या अक्षरात चिकटवा, दिवे-कॉम्प्युटर काढून घ्या.

म्हणजे थोडक्यात: पहिला दिवस बिनओझ्याचा दक्षिण काठ आणि परत भुसावळ, दुसरा दिवस फैजपूर-सावदा-सुकी-पाल, तिसरा दिवस रावेर आणि परत. रोज शंभरचा हट्ट सोडा, ऐंशी, पन्नास आणि मग जमेल तसं.

कोणी धुळ्याकडून हे वाचत असेल तर त्यांना हतनूरपर्यंत यायची गरज नाही, शिरपूर तालुक्यात अनेर धरणाचं अभयारण्य आहे, १९८६ चं, आणि नुसती सकाळ काढायची तर शहराजवळ नकाणे तलाव आणि लळिंगचं कुरण आहेच. नंदुरबारवाल्यांना तोरणमाळचा यशवंत तलाव आहे, पण ते समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, शहाद्याहून खरा घाट चढून जायचं, पहिल्याच टूरला लादलेल्या सायकलवर ते मी सुचवणार नाही.

टायरची साईझ आणि मागच्या कॅसेटचे दात किती ते कळवा, आणि मित्राने आधी कधी सामान लादून सायकल चालवलीय का तेही, मग पालच्या दिवशी किती वाजता निघायचं ते नक्की सांगतो.